हर्शेलचा फोटो (ए३, काळी फ्रेम): पहिला प्रिंट परत, दुसरा भारी

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन बाईंनी १८६७ मध्ये काढलेला जॉन हर्शेलचा फोटो ऑनलाइन मागवला, फ्रेमसकट १८५० रुपये. पॅकिंग चोख, कोपरे शाबूत, काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक म्हणून वजनाला हलकं. पण बबलरॅप काढला आणि डोकंच फिरलं, दुकानवाल्यांनी फोटो 'स्वच्छ' करून टाकलेला! मागचा काळोख उजळून राखाडी, अंगावरच्या काळ्या कापडाच्या चुण्या मोजता येतील एवढ्या स्पष्ट.

अहो, त्या फोटोत सगळं काम अंधारच तर करतो. माणूस खगोलशास्त्रज्ञ, दक्षिण आफ्रिकेतल्या केपला जाऊन अख्खं दक्षिणेचं आकाश तपासून आलेला, तरी फोटोत ना दुर्बीण ना पुस्तक, नुसतं काळं आणि त्यात पंचाहत्तरीचा चेहरा, चंद्राच्या कोरीसारखा एका बाजूने उजळलेला. बाईंनी म्हणे आधी केस धुवायला लावले होते, त्यामुळे ते असे पिंजारलेत की तेजोवलय म्हणा नाहीतर धूमकेतूची शेपटी, पण मागे राखाडी आलं की ते नुसते विस्कटलेले केस उरतात. वर सुरकुत्यापण गुळगुळीत! तेव्हा फिल्मऐवजी कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा ओला थर दिलेली काच कॅमेऱ्यात घालायचे, तिला लाल रंग जवळपास दिसायचाच नाही, म्हणून म्हाताऱ्या कातडीची रेघन् रेघ खोल उतरायची, ती मजा पार गेली.

फोन केला तर म्हणे, "मॅडम, खूप डार्क होतं म्हणून ऑटो करेक्शन मारलं." म्हटलं, दादा, आहे तस्सा छापा, हात लावू नका. वाद न घालता बदलून दिला हे खरं, नऊ दिवस लागले.

दुसरा प्रिंट मात्र काय सांगू, डावा-उजवा खांदा कुठे संपतो तेच कळत नाही, फक्त डोळे आणि केस. मामाचा फोटो स्टुडिओ होता, डार्करूममधला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का (फिक्स) करायच्या रसायनाचा वास अजून नाकात आहे, तो हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे १८१९ मध्ये याच हर्शेलने शोधलं. मामाला दाखवला तर पहिलं वाक्य, "फिक्सिंग नीट झालंय."

तीन स्टार. घेणार असाल तर मॅट पेपर सांगा आणि खिडकीसमोर लावू नका, माझ्याकडे दुपारी हर्शेलच्या कपाळावर समोरच्या बिल्डिंगची गॅलरी दिसते, वाळत घातलेल्या टॉवेलसकट.