टायटॅनिकमधून बचावलेल्यांची पुस्तकं: काही महिने वाचल्यावरचं मत

बीझलीच्या पुस्तकाची पेपरबॅक मागवली होती, परवा तिच्या मधल्या पानांचा गठ्ठाच सुटून हातात आला, म्हणून आता लिहितोच. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली, विषय बंद. साडेतीनशे रुपये घेतले, शिलाई नाही, नुसता गोंद, अक्षर बारीक, सूची नाही, आणि मूळ पुस्तकात जहाजाचे उभे-आडवे छेद आणि डेकचा नकाशा होता तो सरळ गाळलाय. आणि हा सगळा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवर आहे! अमेरिकेत तर त्याचा कॉपीराइट कधीच संपलाय. तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो, असल्या रीप्रिंटला पैसे घालू नका.

आता पुस्तकांबद्दल. बर्फाचा डोंगर, 11:40 ची धडक, 2:20 ला बुडणं, कमी पडलेल्या बोटी हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. लॉरेन्स बीझली हे डलिच कॉलेजात सायन्सचे मास्तर, सेकंड क्लासने चाललेले, 13 नंबरच्या बोटीतून वाचले आणि 1912 मध्येच पुस्तक लिहून मोकळे झाले. मास्तर असल्यामुळे सांगणं एकदम स्वच्छ. त्यांची बोट पाण्यावर टेकली पण दोर सुटेनात, आणि वरून 15 नंबरची भरलेली बोट थेट डोक्यावर उतरत होती, खालचे ओरडतायत आणि वर कुणाला ऐकू जात नाहीये, तो भाग मी परत परत वाचलाय. याच 13 नंबरच्या बोटीत रूथ बेकर नावाची बारा वर्षांची मुलगी होती, आपल्याकडच्या गुंटूरला जन्मलेली, मिशनऱ्याची मुलगी. आईने ब्लँकेटं आणायला पाठवलं, धाकटी भावंडं आणि आई 11 नंबरमध्ये बसली आणि ही मागे राहिली. तिने पुढे कित्येक वर्षं याबद्दल कुणाशी बोलणंच टाळलं.

सुरुवातीला मी बीझलीला पाच स्टार देऊन टाकले होते. पण नंतर एक गोष्ट अशी डोक्यात बसली की आता प्रत्येक पुस्तक हातात घेतलं की आधी तेच पान शोधतो. बुडताना जहाज तुटलं की नाही?

बीझली ठामपणे सांगतात, नाही तुटलं, पेपरवाल्यांनी दोन तुकड्यांची चित्रं छापली तसं काही घडलंच नाही. सेकंड ऑफिसर लाइटोलर, जिवंत राहिलेल्यांत सगळ्यात वरचा अधिकारी, तेही चौकशीत म्हणाले अखंड बुडालं. बचावलेले आणखी एक प्रवासी, कर्नल ग्रेसी, यांनीही पुस्तक लिहिलंय, तेही म्हणतात अखंड. लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश चौकशीच्या रिपोर्टातही तेच छापून आलं. आणि 1 सप्टेंबर 1985 ला अवशेष सापडले ते दोन तुकड्यांत, सुमारे 3,800 मीटर खोल, पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांपासून साधारण 600 मीटरवर!

बरं कुणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. एडवर्ड ब्यूली नावाचा खलाशी अमेरिकन सिनेटच्या चौकशीत स्पष्ट बोलला की मागच्या धुराड्यापर्यंत जहाज पाण्यात गेलं, आवाज झाला आणि ते मोडलं. सतरा वर्षांचा जॅक थेअर, तोही म्हणाला तुटलं, आणि बचावलेल्यांना उचलून नेणाऱ्या कार्पेथिया जहाजावर असतानाच त्याच्या सांगण्यावरून तशी चित्रं काढली गेली. आता यात मला झोंबणारी गोष्ट ही की थेअर, लाइटोलर आणि ग्रेसी हे तिघेही एकाच उलट्या पडलेल्या बोटीवर, कोलॅप्सिबल बी या घडीच्या बोटीवर, रात्र काढून वाचलेले. एकाच बोटीवरची माणसं, एकच जहाज, आणि दोन साक्षी. मान्य आहे, चंद्र नव्हता, शेवटी शेवटी दिवेही गेले, नुसती काळी आकृती दिसत असणार. ग्रेसी तर जहाजाबरोबर खाली ओढले गेले होते, वर आले तेव्हा जहाज दिसेनासं झालेलं, म्हणजे शेवटचा क्षण त्यांनी पाहिलेलाच नाही! तरी साक्ष कुणाची धरली तर साहेबांची, आणि खलाशाचं आणि पोराचं म्हणणं सत्तरहून जास्त वर्षं बाजूला पडलं. ब्रिटिश चौकशीत थर्ड क्लासच्या एकाही प्रवाशाला बोलावलं नव्हतं हे कळल्यावर तर माझा राग अजून वाढला. अमेरिकन चौकशीत निदान तिघांना तरी बोलावलं.

आणि माझ्या रीप्रिंटमध्ये या पानावर साधी एक तळटीप नाही. एक ओळ पुरली असती की 1985 मध्ये उलट सिद्ध झालं. नवीन वाचक तेच खरं धरून चालणार ना! यासाठी प्रकाशकाचे दोन स्टार कापतो, पानं सुटल्याचा एक वेगळा.

ग्रेसींबद्दल मात्र मत पूर्ण बदललं. आधी कंटाळून बाजूला ठेवलेलं, कारण अर्धं पुस्तक म्हणजे एकेका बोटीची यादी, कोण होतं, कुठल्या बाजूची, कुणाची साक्ष काय. आता रोज तेच उघडतो. त्यांनी बचावलेल्यांना पत्रं लिहिली, दोन्ही चौकशांचे उतारे काढले, बोटवार लावले, आणि छापील पुस्तक हातात यायच्या आधीच, 4 डिसेंबर 1912 ला गेले. 1 नंबरच्या बोटीत 40 जणांच्या जागेत 12 माणसं कशी गेली हे ताडून बघायचं तर ही मांडणीच कामाला येते. तुटण्याबद्दल त्यांचं चुकलं तरी बाकी कामासाठी साडेचार स्टार.

लाइटोलर यांचं 1935 चं आत्मचरित्र जरूर वाचा, कारण चौकशीत आपल्या हातात चुना फासायचा ब्रश होता, म्हणजे चुका झाकायचं काम होतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यानंतर त्यांची साक्ष परत वाचली की वेगळीच लागते. व्हायोलेट जेसप या स्टुअर्डेसची आठवण 1997 मध्ये, त्या गेल्यानंतर आली. 16 नंबरच्या बोटीत उतरताना कुणीतरी त्यांच्या हातात एक बाळ दिलं, रात्रभर सांभाळलं, आणि कार्पेथियावर एक बाई धावत आली, बाळ हिसकावून घेतलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. कामवाल्या बाईच्या नजरेतून जहाज दिसतं, ते दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नाही. हे मात्र विकत घ्या, पैसे वसूल आहेत.

वॉल्टर लॉर्ड हे स्वतः जहाजावर नव्हते, पण बचावलेल्यांच्या आठवणींवरून लिहिलेलं त्यांचं 1955 चं पुस्तक सगळे सुचवतात, आणि वाचायला ते खरंच सुसाट आहे, पण एवढ्या वेगात कुणाची साक्ष कुठे संपली आणि कुणाची सुरू झाली हे समजत नाही, म्हणून मी ते सगळ्यात शेवटी वाचा म्हणेन.

थेअर यांनी 1940 मध्ये स्वतःच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी फक्त 500 प्रती छापल्या होत्या, ती आठवण नंतरच्या आवृत्त्यांतून मिळते, छोटीशीच आहे, एका बैठकीत होते. बीझली वाचून झाल्याबरोबर लगेच ही वाचा, मध्ये दुसरं काही नको. आणि दोन्ही चौकशांच्या साक्षी इंटरनेटवर पूर्ण उपलब्ध आहेत, प्रश्न-उत्तरांसकट, एक रुपया लागत नाही. ब्यूलीची साक्ष तिथेच आहे.