हॉस्टेलचं सामान आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: नक्की जा, पण मापाची टेप खिशात ठेवून

ज्यांच्या पोरांना यंदा हॉस्टेल मिळालंय आणि जे रात्री मोबाईलवर ते तयार "हॉस्टेल किट" बघत बसलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोव्यात राहात असाल तर ते किट मागवू नका, एका शुक्रवारी सकाळी म्हापशाला जा. माझ्याकडून या बाजाराला पाचातले साडेचार, अर्धा कापला तो गर्दी आणि पार्किंगसाठी.

आम्ही डिचोलीचे, मुलीला इंजिनीअरिंगला फोंड्याच्या बाजूला ॲडमिशन मिळाली आणि हॉस्टेलही मिळालं. खाट, टेबल, खुर्ची, कपाट तिथे आहे, बाकी सगळं आपलं आपण न्यायचं. म्हणजे गादीपासून कपडे वाळवायच्या क्लिपांपर्यंत सगळं.

किट का नको ते सांगते. आपल्याकडे कॉलेजं सुरू होतात ती ऐन पावसात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, त्यामुळे पोरगी पहिल्यांदा घर सोडून जाते तेव्हा भिंतीला ओल, कपाटाला वास आणि दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत अशीच परिस्थिती असते. आणि हे किट कुठल्यातरी कोरड्या शहरात बसून ठरवलेलं असतं. आमच्या शेजारच्यांनी मुलासाठी एक मागवलं होतं, मी स्वतः उघडून बघितलं, जाडजूड टॉवेल, पुठ्ठ्याचे घडीचे खोके, पातळ फोमची गादी, लोखंडी तारेचे हँगर. गणेशचतुर्थीला मुलगा घरी आला तेव्हा त्या खोक्यांना बुरशी आलेली आणि हँगरचा गंज पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर उतरलेला, तो डाग काही केल्या गेला नाही. पैसे भरपूर घेतले होते त्या कंपनीने, आणि परत करायची मुदत तोवर संपलेली.

म्हापशात तसं होत नाही कारण विकणारा माणूस याच पावसात राहतो. तुम्ही "हॉस्टेलसाठी" म्हटलंत की तो आधी विचारतो कुठे, कितव्या मजल्यावर, गॅलरी आहे का.

सगळ्यात जास्त वेळ आमचा गादीवाल्याकडे गेला आणि तो जायलाच हवा, कारण चार वर्षं पोरगी त्याच्यावर झोपणार आहे. सहा बाय तीनची कापसाची गादी मागितली तर त्याने आधी विचारलं खाट मोजलीत का. हॉस्टेलच्या खाटा सगळ्या तीन फुटी नसतात, काही अडीचच फुटी असतात, मग गादी बाजूने लोंबते आणि दोन महिन्यांत कडेला दबते. आमच्याकडे माप होतं म्हणून बरं (मुलीने सीनियर मुलीला मेसेज करून मोजून घेतलं होतं, हे सगळ्यांनी करा). मग त्याने गादीच्या कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली, आतला कापूस चिमटीत ओढून मुलीच्या हातावर ठेवला. चांगला कापूस ओढला की लांब तंतू निघतो, रंग दुधाळ असतो. शेजारची स्वस्त गादी उसवून दाखवली तर करडा भुगा, मध्ये काळे कण, रंगीत धाग्यांचे तुकडे, म्हणजे जुन्या गाद्यांचा आणि चिंध्यांचा पिंजलेला माल. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, तेच फुलाफुलांचं कापड. स्वतःचाच स्वस्त माल कोणी असा उघडून दाखवत नाही, त्याने दाखवला.

वजनावरही त्याचं म्हणणं पटलं. घरी आपण आठ-दहा किलो कापसाची गादी करतो, पण घरी उन्हात टाकायला अंगण असतं. हॉस्टेलात जुलै-ऑगस्टला ऊन नाही, टाकायला जागा नाही, आणि दहा किलोची गादी पोरगी एकटी उचलून उलटी पण करू शकत नाही. म्हणून त्याने सांगितलं खाली काथ्याचा पातळ थर घाला, त्यातून हवा खेळते आणि खाटेची ओल वर येत नाही, वर पाच-सहा किलो कापसाची हलकी गादी. दर रविवारी ती उभी करून भिंतीला टेकवून फॅन लावायचा. फोम नको म्हणाला, एकदा ओल धरली की आठवडाभर सुटत नाही. दोन्ही मिळून दोन हजारांच्या थोडं वर गेलं, किटमधल्या गादीपेक्षा महागच, पण मला यात पैसे जास्त गेले असं वाटलं नाही. कव्हर मात्र गडद रंगाचं आणि चेनवालं शिवून घ्या, पांढऱ्या-गुलाबीच्या नादाला लागू नका.

मग कुलूप. ही गोष्ट लहान वाटते, पण तिथेच लोक फसतात. सगळे मोठं दणकट कुलूप घेतात, आणि हॉस्टेलच्या कपाटाच्या कडीचं भोक इतकं बारीक असतं की कुलपाची दांडी आत जातच नाही. कपाटाचा फोटो मागवा, फोटोत कडीजवळ पेन धरायला सांगा म्हणजे अंदाज येतो. कुलूपवाल्याने फोटो बघून बारीक दांडीचं पण पितळेचं दिलं, लोखंडी दिलं असतं तर पावसात गंजून किल्ली फिरली नसती. तीन किल्ल्यांचं घेतलं, एक मुलीकडे, एक तिच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, एक आमच्या देव्हाऱ्याच्या खणात.

बादली-मग, दोरी, क्लिपा, हँगर, झाडू, पायपुसणं हे सगळं एकाच रांगेत मिळतं, त्यावर फार लिहीत नाही. हँगर प्लास्टिकचे. दोरी नायलॉनची, काथ्याची नको. बादली खूप मोठी नको कारण भरलेली बादली नळापासून बाथरूमपर्यंत न्यायची असते, आणि झाकणवाली मिळाली तर उत्तम, सामान हलवायच्या दिवशी साबण, ब्रश, क्लिपा सगळं तिच्यातच भरून जातं. टॉवेल मात्र पंचे घ्या, पंचे! पातळ सुती पंचा फॅनखाली रात्रीत वाळतो, जाड टॉवेल तीन दिवस आंबतो. आमच्या मुलीने नाक मुरडलं होतं, आता तिच्या रूममेटनेसुद्धा पंचेच मागवलेत.

विजेच्या सामानाचं जरा नीट वाचा कारण ह्यात जीवाचा प्रश्न आहे. बाजारात पन्नास-साठ रुपयांचे एक्स्टेन्शन बोर्ड पण मिळतात, हातात घेतले की वायर दोऱ्यासारखी लागते, ते घेऊ नका. आयएसआय मार्क बघा, मग घ्या. आणि पोरांना एकदा हिशेब समजावून सांगा, खोलीतलं साधं सॉकेट सहा अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम तेराशे-चौदाशे वॅट. पाणी तापवायची मोठी केटल पंधराशे वॅटची, रॉड पण हजार ते पंधराशेचा. ती केटल त्या बोर्डाला लावली, सोबत दोन लॅपटॉप, की प्लग गरम होऊन वितळतो. बहुतेक हॉस्टेलात रॉड आणि शेगडीला बंदीच असते आणि ती बंदी बरोबर आहे, ओल्या बाथरूममध्ये बादलीत रॉड टाकून हात घालणारी मुलं असतात. त्यापेक्षा एक चार्जिंगचा दिवा घ्या, आपल्याकडे जोराचा पाऊस आला की वीज जातेच.

कागदपत्रांचं काम पण म्हापशातच उरकून टाकलं. बसस्टँडच्या आसपास झेरॉक्सवाले आहेत, सगळ्यांचे तीन-तीन सेट, पासपोर्ट फोटो, आणि प्लास्टिकचं चेनवालं फोल्डर, बटणवालं नको, पाणी आत जातं. एक गोष्ट बरेच पालक शेवटपर्यंत विसरतात, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. युजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याने पण द्यायचं आणि पालकांनी पण, ऑनलाईन भरता येतं, त्याची प्रिंट काढून ठेवा. रॅगिंगची हेल्पलाईन आहे, १८००-१८०-५५२२, तो नंबर मुलीच्या फोनमध्ये तर टाकलाच पण वहीच्या पहिल्या पानावर पण लिहून दिला, कारण गरज पडते तेव्हा फोनची बॅटरी असेलच असं नाही.

आता खाऊ. खरं सांगते, बाजाराला मी जे गुण दिलेत त्यातला एक गुण नुसता खाऊच्या रांगेचा. खाजं, शेंगदाणा-चण्याचे लाडू, काजू, आमसुलं, मिस्कुटाच्या म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या बाटल्या. पण आईचं मन आहे म्हणून डबेच्या डबे भरू नका. चिवडा, शेव एका मोठ्या डब्यात दिली की तिसऱ्या दिवशी सगळी सादळते, पोरं डबा उघडतात, चार जणी हात घालतात आणि झाकण नीट लागत नाही. लहान-लहान पाकिटं करा, एका वेळी एकच फुटेल अशी. खाजं मात्र टिकतं, आल्याची चव असते, पावसात घशालाही बरं. लोणच्याची बाटली रुंद तोंडाची आणि सोबत सुका चमचा. सुकी मासळी मी पाठवली नाही, रूममेट शाकाहारी निघाली तर पहिल्याच आठवड्यात दोघींच्या मनात अढी नको. आधी ओळख होऊ दे, मग किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) करून पाठवेन, चौघींना पुरेल एवढी.

बाजारात एक मावशी अळमी, म्हणजे पावसातली रानटी अळंबी, घेऊन बसली होती, वाटा महाग होता, तरी मुलीला आवडतात म्हणून घेतल्या आणि रात्री त्यांचं तोंडाक (खोबऱ्याच्या वाटणाची भाजी) केलं. हॉस्टेलच्या सामानाशी याचा काही संबंध नाही पण जाताय तर डोळे उघडे ठेवा, शुक्रवारी गावागावांतून बायका येतात, तायखिळो (टाकळा), फागलां (कंटोळी) अशा रानभाज्या एकेक दिसतात ज्या इतर दिवशी मिळतीलच असं नाही.

आता अर्धा गुण का कापला ते. दहानंतर चालायला जागा राहात नाही, त्यात पाऊस आला की वरच्या ताडपत्र्यांचं पाणी नेमकं मानेत आणि खालची फरशी निसरडी, वयस्कर माणसांना सोबत नेऊ नका. गाडी लावायला जागा शोधताना अर्धा तास सहज जातो. आम्ही म्हणून डिचोलीहून अस्नोड्यामार्गे बसनेच गेलो, स्टँडवरून बाजार चालत आहे. आणि भाव करावा लागतो, ज्यांना ते जमत नाही त्यांनी जमणाऱ्या कोणाला तरी सोबत घ्या, आमच्याकडे माझी नणंद होती, तिने बादलीवाल्याकडून क्लिपांचं पाकीट फुकट काढलं. एका स्टॉलवर आम्हाला छत्री दिली ती दुसऱ्याच दिवशी उलटी झाली, पुढच्या शुक्रवारी तो माणूस त्या जागी नव्हता. छत्री आणि रेनकोट म्हणून पक्क्या दुकानातूनच घ्या, बिल घेऊन.

अजून एक, सगळं एकाच खेपेत घेऊ नका. पहिल्या खेपेला गादी, कुलूप, बादली, वीज, कागद. मग मुलीला खोलीत आठवडाभर राहू द्या, काय कमी आहे ते तिलाच कळतं. आमच्या यादीत टेबललॅम्प होता, तिने सांगितलं नको, त्याऐवजी पायाखाली घालायला चटई हवी, फरशी ओली-ओली लागते. बांबूची-गवताची चटई नको, ती पण बुरसते, प्लास्टिकची विणलेली घ्या. फोंड्याच्या बाजूला हॉस्टेल असेल तर ही बारीकसारीक दुसरी खेप बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात पण होते, पणजी-फोंडा रस्त्यावरच आहे, पोरं स्वतः बसने जाऊन येऊ शकतात. गादीसाठी मात्र म्हापसाच.

आणि पुढच्या वर्षी ज्यांचा नंबर आहे त्यांनी शक्य झालं तर ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताच्या (म्हापशाच्या चर्चच्या जत्रेच्या) दिवसांतच म्हापशाला फेरी मारा. पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे साठवणीचं सामान, घ्यायला लोक तेव्हाच येतात, आमसुलं, मिरच्या तेव्हा ताज्या असतात, आणि गादी तेव्हा केली तर मे महिन्याच्या कडक उन्हात चांगली तापवून मग पावसात पाठवता येते. हॉस्टेल मिळणार की नाही ते तोवर कळलेलं नसतं हे खरं, पण गादी वाया जात नाही, घरी पाहुण्याला होते.

चतुर्थीच्या आधीचा शुक्रवार टाळा. माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताच्या) सामानासाठी अख्खा बारदेश तालुका तिथे असतो, गादीवाल्याकडे निवांत शिवण उसवून कापूस बघायला कोणी थांबू देणार नाही. गादी न्यायला पिकअप लागतो, त्याच हॉस्टेलला जाणारी अजून एक-दोन घरं शोधा, भाडं वाटून पडतं, आणि ड्रायव्हर ताडपत्री आहे म्हणाला तरी आपलं जाड प्लास्टिक स्वतः गुंडाळून दोरीने बांधा, खासकरून टोकं.