इपे, कुमारू की मसारांडुबा? बर्फाळ प्रदेशातल्या पोर्चसाठी

बोस्टन, मिनियापोलिस किंवा टोरांटोकडे पोर्चसाठी इपे, कुमारू आणि मसारांडुबा ही दक्षिण अमेरिकेतली कठीण लाकडं विकताना आधी कठीणपणाचा आकडा सांगतात. जांका मोजणीत (पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला लागणारा जोर) इपे 3,500 पौंडांच्या आसपास, कुमारू 3,300, सागवान जेमतेम 1,100. पण कठीणपणामुळे फार तर खुर्च्यांचे ओरखडे टळतात. थंडीत पोर्च बिघडतो तो फळ्या फुगल्या-आकसल्यामुळे. वितळत्या बर्फाचा ओलावा खालून येतो, वसंतातलं कोरडं ऊन वरून पडतं आणि फळी वाटीसारखी वळते.

या कसोटीला आमची पसंती इपेलाच. मसारांडुबा दिसायला देखणा, पण ओला असताना कापून पूर्ण वाळवला तर रुंदीत 9 टक्क्यांहून जास्त आकसतो आणि उन्हात चिरतो. तो घेऊच नये. कुमारू स्वस्त आणि टिकायला जवळपास इपेइतकाच, मात्र त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे फळी पिळवटते. छपराखाली चालेल, उघड्या पायऱ्यांना नको. ‘ब्राझिलियन टीक’ म्हणून मिळतो तो बहुधा कुमारूच, सागवान नव्हे. इपेची खात्री करायची तर भुशावर खाण्याच्या सोड्याचं पाणी टाका. इपेत लापाकॉल नावाचं नैसर्गिक रंगद्रव्य असतं, त्यामुळे रंग लालसर होतो. 25 नोव्हेंबर 2024 पासून इपे आणि कुमारू दोन्ही साइट्स कराराच्या (दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा त्यानंतर आयात झालेल्या मालाचे परवाने विक्रेत्याकडे मागाच.

रुंदीवर पैसे वाचवू नका. ओलावा 5 टक्क्यांनी बदलला की साडेपाच इंची फळी जवळपास 2 मिमी हलते, साडेतीन इंची सव्वा मिमीच. एक इंच जाडीची, साडेतीन इंची फळी घ्या आणि वासे 16 इंचांवर ठेवा. उघड्या भागात फळ्यांमध्ये 5 मिमी फट सोडा. छपराखाली टंग अँड ग्रूव्ह (एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते असा जोड) बसवायचं असेल तर भट्टीत वाळवलेलाच माल घ्या, फुटाला पाव इंच उतार द्या आणि खाली निदान दीड फूट मोकळी, वारा खेळती जागा ठेवा. खालून कोंडलेल्या पोर्चवर इपेसुद्धा वळतो.

साधे स्क्रू वापरू नका. खालचे वासे कुजू नयेत म्हणून प्रक्रिया केलेल्या पाइनचे असतात, त्यातलं तांबं त्यांना खातं आणि वर काळे डाग उठतात. स्टेनलेसचे अडीच इंची स्क्रू, प्रत्येक वाशावर दोन, आणि प्रत्येकाला आधी भोक. नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. फळीच्या कडेच्या खाचेत बसणाऱ्या छुप्या क्लिपांवर आमचा भरवसा नाही, कारण फळी फुगली की खाचेची कड फुटते. फळी कापली की त्याच दिवशी टोकाला मेण लावा, भेगा तिथूनच सुरू होतात. कापताना मास्क हवाच. पिवळट भुसा नाका-डोळ्यांना झोंबतो.

बर्फ प्लास्टिकच्या फावड्याने, फळीच्या लांबीच्या दिशेने काढा. तेल लावलं नाही तर लाकूड राखाडी होतं, पण टिकाऊपणा कमी होत नाही. तपकिरी रंग हवाच असेल तर दर वर्षी एकच पातळ हात द्या आणि लाकडात न मुरलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर पृष्ठभाग चिकट राहतो. पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.