इंग्रजी लेखनासाठी कोणतं ॲप? पूर्व भागातल्या एका शिकवणीचा हिशोब

जूनमध्ये शाळा उघडल्या की मला हमखास फोन येतो. नव्यानं शिकवणी सुरू केलेली एखादी मैत्रीण, नाहीतर झेडपीच्या शाळेतले एखादे सर विचारतात, "मॅडम, पोरांना इंग्रजी लिहायला शिकवायचंय, शब्द वाढवायचेत. कुठलं ॲप घेऊ?" मी उलट विचारते, "पोरांच्या घरी फोन किती वाजता मोकळा होतो?" समोरच्याला वाटतं मी विषय टाळतेय.

टाळत नाही. माझी शिकवणी सोलापूरच्या पूर्व भागात आहे. आठवी ते दहावी, एका तुकडीत तीस-पस्तीस पोरं. निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, मराठी शाळेत आणि गल्लीत, इंग्रजी फक्त पुस्तकात. बऱ्याच जणांचे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते किंवा टॉवेलांना शिलाई मारते. घरात धड चालणारा फोन एकच, तो वडिलांच्या खिशात. दिवसपाळी सुटल्यावर रात्री आठनंतर तो पोराच्या हाती येतो, तेही धाकटीचं कार्टून संपलं तर. जाहिरातीतलं 'प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात डिव्हाइस' आमच्याकडं वर्गात कधीच नसतं. जुळे सोलापूरच्या एखाद्या इंग्रजी शाळेत चित्र वेगळं असेल, तिथं माझी काही उत्तरं उलटी करून वाचा.

दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारते: हे साधन वापरताना काम कोण करतं, पोर की ॲप? गेल्या काही वर्षांत जी साधनं मी टाकून दिली, ती याच प्रश्नावर.

शब्दांसाठी: अँकी, क्विझलेट आणि बुटाचा खोका

पाठ केलेलं आपण किती भराभर विसरतो, हे हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं. अँकी हे शब्दांची कार्डं दाखवणारं ॲप त्याच तत्त्वावर चालतं. शब्द आठवला तर तो काही दिवसांनी पुन्हा समोर येतो, मग आणखी उशिरा. चुकला तर लगेच. अँड्रॉइडवर आणि संगणकावर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं, आणि रात्री आठनंतरच्या वीस मिनिटांत डेटा संपलेला असण्याची शक्यता धरली तर ही फार मोठी सोय आहे. तोटा म्हणजे रूप अगदी रुक्ष. ना चित्रं नाचतात, ना टाळ्या वाजतात. आठवीतलं पोर चार दिवसांत कंटाळतं. पाचव्या दिवशी विचारणारं कुणी असेल तरच टिकतं.

क्विझलेट दिसायला गोड आणि शिकायला सोपं. अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलानं २००५ मध्ये स्वतःचे फ्रेंच शब्द पाठ करण्यासाठी ते बनवलं, आणि ते पोरांच्या सोयीनं बनलंय हे वापरताना जाणवतं. उच्चार ऐकू येतात, जोड्या जुळवण्याचे खेळ आहेत. पण फुकटात जाहिराती येतात आणि अभ्यासाच्या काही चांगल्या पद्धती पैसे भरल्यावरच पूर्ण उघडतात. शिक्षक म्हणून मला दहा मिनिटांत शब्दकार्डांचा संच बनवता येतो, ही त्याची खरी जमेची बाजू. अँकीत संच बनवायचा म्हणजे पहिल्या रविवारी डोकं दुखतं.

दोन्हींत तयार संच ढिगानं मिळतात, आणि तिथंच पाय घसरतो. परदेशात बनलेल्या संचात 'स्नो', 'सबवे', 'फायरप्लेस' असतात. आमच्या पोराला बर्फ माहीत आहे तो लस्सीतला. मग मी तयार संच घेणं सोडलं. एका आठवड्यात पोरांना सांगितलं, घरातल्या मागाचे इंग्रजी शब्द शोधून आणा. माग म्हणजे लूम, ताणा म्हणजे वार्प, बाणा म्हणजे वेफ्ट, धोटा म्हणजे शटल, रंगवणं म्हणजे डाय. 'शटल' त्यांना बॅडमिंटनचं ठाऊक होतं. एका मुलीनं वडिलांना विचारून कार्डाच्या मागे धोट्याचं चित्र काढलं, टोकाला पितळी टोपी, मध्ये सुताची कांडी. ते कार्ड वर्गात कुणीच विसरलं नाही. पोरानं स्वतः बनवलेली वीस कार्डं मला तयार हजारांपेक्षा महाग आहेत.

फोन मिळतच नसेल तर? बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. शब्द बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. १९७०च्या दशकात लाइटनर नावाच्या लेखकानं ही पद्धत लोकप्रिय केली. अँकी म्हणजे याच खोक्याचा हुशार भाऊ. माझ्या शिकवणीत सात-आठ खोके फिरतात, आणि खरं सांगायचं तर खोकेवाले अँकीवाल्यांपेक्षा फार मागे नाहीत.

वर्गात उजळणी: काहूट की प्लिकर्स

यावर फार वेळ घालवत नाही. काहूट या प्रश्नमंजुषेच्या खेळात प्रत्येकाकडं फोन किंवा टॅब लागतो, आणि लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. गंमत प्रचंड, आरडाओरडा त्याहून जास्त. पण पाच जणांत एक फोन दिला तर चौघं बघत बसतात आणि एक हुशार पोर बोट दाबतं. क्विझिझ (आता त्याचं नाव वेग्राउंड झालंय) प्रत्येकाला आपापल्या गतीनं जाऊ देतं, म्हणून गृहपाठाला बरं.

प्लिकर्सला फोन लागतो एकच, तो शिक्षकाचा. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचं एक कार्ड, त्यावर चौकोनी काळी-पांढरी नक्षी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते पडद्यावर उमटतं. कार्डावरची अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. मागच्या बाकावरची, कधीच हात वर न करणारी पोरगी इथं उत्तर देते, आणि ती कुठं अडकलीय ते मला त्याच मिनिटाला कळतं. एक फोन आणि चाळीस पोरं हे ज्यांचं गणित आहे, त्यांनी दुसरं काही बघूच नये.

लेखनासाठी: दुरुस्त करणारं की बोट दाखवणारं

खरी निवड इथं आहे. लेखन तपासणारी साधनं दोन जातींची.

पहिली जात ग्रामरलीसारखी. चुकीखाली रेघ येते, शेजारी बरोबर शब्द येतो, बोट लावलं की दुरुस्ती आत. नोकरीच्या अर्जाला, शाळेच्या पत्राला, किंवा मी एखादं इंग्रजी निवेदन लिहिते तेव्हा हे उत्तम, कारण तिथं मला शिकायचं नसतं, काम उरकायचं असतं. पण शिकणाऱ्या पोराच्या हातात हेच साधन गाइडसारखं होतं. मराठीत 'ए' आणि 'द' नाहीत, तेलुगू-कन्नडमध्येही नाहीत. त्यामुळं आमची पोरं ते सर्रास गाळतात. साधन एका निबंधात पंधरा ठिकाणी 'द' घालून देतं, पोर पंधरा वेळा बोट लावतं, आणि सोळाव्या ठिकाणी पुन्हा गाळतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे आमच्या जत्रेवर, निबंध दिला होता. असल्याच एका व्याकरण तपासणाऱ्या साधनानं 'गड्डा' या शब्दाखाली लाल रेघ ओढून 'गार्डन' सुचवलं आणि एका पठ्ठ्यानं डोळे झाकून ते घेतलं. निबंधात नंदीध्वज गार्डनला निघाले, आणि होम मैदानावरचे पाळणेही गार्डनमध्ये गेले. वर्ग हसून लोळला. मी मात्र बघत होते की निबंधात एकही व्याकरणाची चूक नव्हती, आणि एकही वाक्य त्याचं नव्हतं.

दुसरी जात केंब्रिजच्या 'राइट अँड इम्प्रूव्ह'ची. हे फुकट आहे. विषय निवडायचा, लिहायचं, तपासायला द्यायचं. काही सेकंदांत ते ए-वन ते सी-टू या युरोपीय मोजपट्टीवर पातळी सांगतं आणि डळमळीत वाक्यांवर रंग चढवतं. स्पेलिंगसारख्या सोप्या गोष्टी ते सांगतं, पण बऱ्याच ठिकाणी फक्त 'इथं काहीतरी बिघडलंय' एवढंच सुचवतं. काय बिघडलंय ते पोरानं शोधायचं, बदलायचं, पुन्हा तपासायला द्यायचं. 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' हे वाक्य रंगलं की पोर आधी 'सिस्टर्स'चं स्पेलिंग बदलून बघतं, मग 'टू' काढून बघतं, आणि तिसऱ्या खेपेला 'हॅव'पाशी येतं. त्या तीन खेपांत जे होतं त्यालाच मी शिकणं म्हणते.

याच्या उणिवाही आहेत. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या पेपरातलं पत्र, भाषण, व्ह्यू-काउंटरव्ह्यू यांचा साचा त्याला माहीत नाही. ते तुम्हालाच शिकवावं लागतं. काही पोरं लेखन सोडून नुसती पातळी चढवायच्या मागे लागतात. आणि फोनवर परिच्छेद टंकणं म्हणजे शिक्षाच. म्हणून आमच्याकडं आधी वहीत लिहायचं, मग शनिवारी शिकवणीतल्या दोन संगणकांवर पाळीपाळीनं. दहा ओळींच्या वर नाही.

तुमची पोरं ज्युनियर कॉलेजची असतील आणि त्यांना ई-मेल, अर्ज लिहायचे असतील तर पहिली जात घ्या. शाळकरी पोरांना दुसरी.

वहीचा फोटो की गूगल डॉक्स

आम्ही बहुतेक जण व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो मागवतो. चालतं, फुकट आहे, आईलाही पाठवता येतं. तपासायला मात्र वैताग: वाकडा फोटो, पंख्याची सावली, आणि माझी दुरुस्ती चॅटमध्ये वर सरकून गायब. मी त्यावर तोडगा म्हणून आवाजी निरोप पाठवते. "दुसरी ओळ बघ. काल गेलास ना? मग 'गो' कसं?" पोर हे तीनदा ऐकतं, लाल शाई एकदाही वाचत नाही.

गूगल डॉक्समध्ये वाक्याशेजारी टिप्पणी ठेवता येते, आणि आधीच्या सगळ्या आवृत्त्या जपलेल्या असतात. पोरानं पहिला मसुदा काय लिहिला आणि तिसऱ्यात काय बदललं ते संगणकावर उघडून दाखवता येतं. एखादा निबंध एका क्षणात चारशे शब्दांनी वाढलेला दिसला की तो कुठून आला हेही कळतं. घरी संगणक असलेल्या पोरांसाठी डॉक्स, बाकीच्यांसाठी व्हॉट्सॲप. मी दोन्ही चालवते, तक्रार नाही.

चॅटजीपीटी आणि मंडळी

हे २०२२च्या शेवटी आलं आणि पुढच्या सहामाहीपासून 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल'वर एकाच धाटणीचे निबंध येऊ लागले. बंदी घालून काही होत नाही. उपयोग मीच करते: पोराच्या दहा ओळी देऊन सांगते, चुका दुरुस्त करू नकोस, फक्त तीन प्रश्न विचार. ते प्रश्न मी फळ्यावर लिहिते. पोरांच्या थेट हाती देण्याच्या विरोधात मी आहे, निदान दहावीपर्यंत. खात्यांचाही प्रश्न आहेच. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलंय. त्यामुळं कुठलंही साधन घ्या, खातं पालकांच्या समोर उघडा आणि पोराचं पूर्ण नाव, शाळा, फोटो टाकू नका.

शब्द अडला तर भाषांतराच्या ॲपपेक्षा केंब्रिजचा ऑनलाइन इंग्रजी-मराठी शब्दकोश बरा. तिथं शब्दाबरोबर नमुना वाक्य मिळतं. भाषांतराचं ॲप आख्खं वाक्यच तयार करून देतं, आणि मग पुन्हा तेच गाइड.

बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दलही विचारतात. त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत पुस्तकांना असे कोड जोडायला सुरुवात केली ती रणजितसिंह डिसले गुरुजींनी, ज्यांना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि ज्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी ॲपवरचा धडा बघणं ऐकायला, समजायला चांगलं. लेखनाला त्याचा उपयोग कमी.

तर नवी शिकवणी, एक फोन, चाळीस पोरं असं असेल तर सुरुवात प्लिकर्स, बुटाचे खोके आणि व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपांनी करा. दिवाळीनंतर एखादा जुना संगणक मिळाला की राइट अँड इम्प्रूव्ह. पहिल्या वर्षी कुठल्याच ॲपला पैसे भरू नका. भरायचेच असतील तर झेरॉक्सवाल्याला भरा. प्लिकर्सची कार्डं जाड कागदावर छापून घ्या, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका. मी हौसेनं केलं होतं. ट्यूबलाइट कार्डांवर अशी चमकायची की कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना, आणि चाळीसच्या चाळीस पुन्हा छापावी लागली.