ओपांची वही: यंत्राकडून वाचून घ्यावी की माणसाकडून?

जर्मनीत लग्न करून राहिलेल्या मराठी माणसाच्या घरात कधी ना कधी माळ्यावरचा एक खोका खाली येतो. आमच्याकडे तो सासूबाईंनी काढला. आत माझ्या आजेसासऱ्यांची, बायकोच्या ओपांची, १९४२-४३ ची रोजनिशी होती. १४० पानं, शिसपेन्सिल, जुनी धावती जर्मन लिपी. ओपा विमानदलात मेकॅनिक, हाइंकेल १११ या बाँबफेकी विमानावर. बायको जर्मन, पण तिला त्यातली एक ओळ लागेना. ही लिपी १९४१ मध्ये शाळांतून गेली, ती गेलीच. घरात मोडीतले कागद असलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही.

मला वही मराठीत हवी होती, कारण ती माझ्या बाबांना वाचायची होती. बाबा ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते.

असं काही तुमच्याकडे निघालं, तर मार्ग दोन. पानांचे फोटो काढून हस्ताक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला द्यायचे आणि निघालेला मजकूर भाषांतराच्या यंत्रातून काढायचा. किंवा लिपी येणारा माणूस शोधून त्याच्याशेजारी बसायचं. स्वतः लिपी शिकणं हा तिसरा मार्ग आहे, पण 'e' आणि 'n' एकसारखे दिसणाऱ्या लिपीत पुसट पेन्सिल लावायला नुसती अक्षरओळख पुरत नाही. मी दोन्ही मार्ग करून पाहिले.

यंत्राचं आधी सांगतो, कारण त्याने खरंच थक्क केलं. एका संध्याकाळी अख्खी वही वाचून झाली. रोज रात्री इंजिन बंद करण्याआधी तेलात पेट्रोल मिसळायचं, म्हणजे पहाटेच्या थंडीत तेल घट्ट होत नाही आणि इंजिन गरम झालं की पेट्रोल उडून जातं, हा ओपांनी लिहिलेला प्रकार त्यातून नीट कळला. बाबांनी तो परिच्छेद फोनवर मला दोनदा वाचायला लावला.

चुकाही होत्या. 'आज डाव्या इंजिनाच्या बारा मेणबत्त्या बदलल्या' असं एक वाक्य आलं. बाबा लगेच म्हणाले, "मेणबत्त्या कसल्या रे? प्लग असणार." जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द आहे. पुढे 'मोटरला ब्रेक लावला' असं होतं. विमानाच्या चाकांना अडण्या लावून इंजिन पूर्ण जोरात चालवून बघण्याला त्या लोकांत तसंच म्हणत. या चुका मला जाचल्या नाहीत. त्या दिसतात, म्हणून दुरुस्त होतात.

जाचला तो फ्रान्झ.

डिसेंबर १९४२, मोरोझोव्स्काया. स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला रसद नेणारी हाइंकेल विमानं तिथून उडत. यंत्राचं भाषांतर होतं: 'एमिल बरा आहे, फ्रान्झ गेला.' साफ, सरळ वाक्य. वहीत आणखी चार ठिकाणी फ्रान्झ. बायकोने अल्बम काढला. एका फोटोत ओपांच्या खांद्यावर हात टाकलेला एक पोरगा आहे. हाच फ्रान्झ असणार, असं आमचं ठरलं. मुलीलाही आम्ही तेच सांगितलं, की हा पणजोबांचा मित्र, तो युद्धात गेला.

त्यानंतर तीन महिन्यांनी आम्हाला शेजारच्या गावातल्या एक बाई भेटल्या. वय ८८. त्यांच्या आईची पत्रं या लिपीत होती, ती वाचायला म्हणून त्या शिकल्या. शनिवारी दुपारी आम्ही केक घेऊन जायचो, त्या मोठ्याने वाचायच्या, मी लिहायचो. एका बैठकीत चार-पाच पानं. त्या ओळीवर आल्या आणि थांबल्या. मग दहा पानं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. म्हणाल्या, "हा एक माणूस नाही." वैमानिकाला एमिल आणि वाट दाखवणाऱ्या निरीक्षकाला फ्रान्झ, ही विमानदलातली जुनी बोली. मागच्या पानावर एक फ्रान्झ पायाला गोळी लागून दवाखान्यात आहे, आणि दोनच दिवसांनी 'फ्रान्झ' विमानात बसतो आहे. "माझा मोठा भाऊ फ्रान्झ होता," त्या म्हणाल्या. त्याचं नाव वेगळंच होतं.

यंत्राची बाजू घ्यायची तर, ओपा दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनचे, आणि तिकडे 'डेर' (इंग्रजी 'द'सारखा शब्द) माणसाच्या नावाआधीही लावतात, त्यामुळे 'डेर फ्रान्झ' हे नावही असू शकतं. फसायला जागा होती. काही सॉफ्टवेअर शंका असलेला शब्द रंगवून दाखवतात, हेही खरं. पण इथे अक्षरं बरोबरच होती, रंग कशाला लागणार? यंत्र अडखळत नाही, हा माझा त्याच्यावरचा राग आहे. बाई पानोपानी अडखळायच्या, आणि त्या जिथे अडखळल्या तिथेच मला वही कळत गेली. मुलीला फोटोबद्दल पुन्हा सांगावं लागलं, ते सोपं गेलं नाही.

माणसाकडून वाचून घेण्यात एक अडचण मात्र आहे. धावपट्टीवरचं बर्फ काढायला लावलेले रशियन युद्धकैदी आणि त्यातले गोठून मेलेले दोघं, एवढं एका ओळीत लिहून ओपा पुढे कार्बोरेटरकडे वळतात. तिथे बाई बराच वेळ गप्प राहिल्या. "तुमच्या सासूबाईंना हे माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मग वाचलं. दुसरं कोणी ती ओळ कदाचित गाळली असती. यंत्राला संकोच नाही, म्हणून त्याची प्रत मी जवळ ठेवली आणि प्रत्येक शनिवारी घरी येऊन ताडून पाहिली.

नुकसानीच्या टक्केवारीत दोघांचाही उपयोग झाला नाही. 'मोडतोड ६०%' म्हणजे ते विमान पुन्हा उडवायचं नाही, फक्त सुटे भाग काढून घ्यायचे, हे मला बाहेर शोधावं लागलं. बाबांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

तुमच्याकडचे कागद टंकलिखित असतील, किंवा नुसत्या तारखा आणि गावांची नावं हवी असतील, तर यंत्र पुरेल असं मला वाटतं. पेन्सिलीने लिहिलेली वही असेल आणि लिहिणारा आपल्या धंद्याच्या बोलीत लिहीत असेल, तर आधी माणूस शोधा. जवळपास कोणी नसेल तर हांबुर्गला ज्येष्ठांची 'झ्युटर्लिनश्टुबं' आहे, ती मंडळी अशी हस्तलिखितं वाचून देतात. वेळ लागतो. आम्हाला जवळजवळ आठ महिने लागले, आणि हे वाचू शकणाऱ्यांचं वय बघता मी पहिले तीन महिने यंत्रावर घालवायला नको होते.

मराठी प्रत आता बाबांकडे सांगलीला आहे. फ्रान्झच्या जागी मी चार ठिकाणी 'निरीक्षक' लिहिलं आहे. पाचव्या ठिकाणी, ओपा ज्याच्याबरोबर नाताळला सिगारेट वाटून ओढतात, तिथे बाईंनाही नक्की सांगता आलं नाही. तिथे फ्रान्झच ठेवला आहे, शेजारी प्रश्नचिन्ह.