मंजूर रजा ऐनवेळी रद्द झाली: थांबावं, तोडगा काढावा की निघून जावं?

२०२५ च्या गणपतीआधीचा शुक्रवार. डबा उघडत होतो तेवढ्यात मोबाइलवर ऑफिसच्या पोर्टलचा संदेश आला. जूनमध्ये मंजूर झालेली माझी सहा दिवसांची रजा ‘मागे घेतली’ असं लाल अक्षरांत दिसत होतं आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘कामाची निकड’. कणकवलीचं तिकीट साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, घरातले तीन मोबाइल समोर मांडून काढलं होतं. संध्याकाळी गावी फोन केला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मगे माटवी कोण बांधतलो?” माटवी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट.

तेव्हापासून ओळखीतल्या सात-आठ जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय: कंपनीला असं करता येतं का? खरं तर हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, कारण आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘येतं’ असंच आहे. रद्द करण्याच्या बदल्यात आपल्या हातात काय उरतं आणि ते कागदावर आहे का, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर माणसागणिक बदलतं, म्हणून आधी आपण कुठल्या खात्यात मोडतो ते बघू.

सरकारी नोकरी

इथे मामला सर्वांत स्पष्ट आणि कर्मचाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत कडक. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ असो की केंद्राचे १९७२ चे रजा नियम, दोन्हींत सुरुवातीलाच लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेची निकड असेल तर मंजुरी देणारा अधिकारी रजा नाकारू शकतो, दिलेली काढूनही घेऊ शकतो. गणेशोत्सवाच्या किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तात पोलिसांच्या रजा एका आदेशात रद्द होतात, त्या याच जोरावर.

पण याच नियमांत दोन गोष्टी आपल्या बाजूच्याही आहेत. मागितलेल्या रजेचा प्रकार साहेबाला परस्पर बदलता येत नाही. म्हणजे अर्जित रजेचा अर्ज त्याने स्वतःच्या मनाने अर्धपगारी रजेत घालायचा नाही. दुसरं म्हणजे, केंद्राच्या नियमांनुसार रजेवर गेलेल्याला सक्तीने परत बोलावलं, तर कामाच्या ठिकाणी यायला निघाल्या दिवसापासून तो ड्युटीवर धरला जातो आणि प्रवासभत्ताही मिळतो. बुडालेली अर्जित रजा खात्यात राहते, मात्र साठ्याला ३०० दिवसांची मर्यादा आहे. निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा साठा आधीच काठोकाठ भरलेला असेल, तर रद्द झालेली रजा त्याच्यासाठी खरोखर वाया जाऊ शकते.

कारखाना

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने कामगाराला बरंच संरक्षण दिलं होतं. वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज दिला, तर नकार कारखान्यात ठरलेल्या रजा-योजनेला धरून असल्याशिवाय व्यवस्थापकाला तो अर्ज नाकारता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २४० चे १८० दिवस झाले. पुढच्या वर्षात नेण्याच्या रजेला एरवी ३० दिवसांची मर्यादा आहे, पण कामगाराने मागितली आणि मिळाली नाही अशा रजेला ती लागत नाही. ही तरतूद जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे.

म्हणून कारखान्यात ‘मागितली होती, मिळाली नाही’ याचा पुरावा हीच खरी कमाई. सुपरवायझरने तोंडी “या वेळी नको रे” म्हटलं आणि आपण मान डोलावली, तर कागदावर आपण रजा मागितलीच नव्हती.

दुकान, ऑफिस, आयटी

वाचणाऱ्यांपैकी बरेच जण इथले असतील, म्हणून जरा थांबू. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा आहे. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १५ दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे.

नीट पाहा, कायदा ‘नाकारण्या’बद्दल बोलतो. मंजूर करून मग रद्द करण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. माझं मत असं की ऐनवेळी रद्द करणं म्हणजे उशिरा नाकारणंच, आणि अर्ज १५ दिवस आधीचा असेल तर हाच मुद्दा लावून धरावा. साठा ४५ च्या खाली असेल, तर या कलमाचा प्रत्यक्ष फायदा काहीच नाही, रजा फक्त खात्यात परत येते. तिकिटाचे, हॉटेलचे पैसे मालकाने भरलेच पाहिजेत असंही कुठलं कलम या कायद्यात नाही. ते मिळतात ते कंपनीच्या धोरणातून किंवा आपल्या बोलण्यातून.

आणखी एक मेख आहे. हा कायदा आधी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना होता, २०२५ च्या दुरुस्तीने तो आकडा वीसवर गेला. शिवाय व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावरचा माणूस त्यातून वगळलेला आहे. आयटीत तीन वर्षांत ‘लीड’ची पाटी लागते आणि पाटीबरोबर हे छत्रही जाऊ शकतं. मग उरतं ते नेमणूकपत्र. त्यात “व्यवसायाच्या गरजेनुसार मंजूर रजा रद्द करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते” अशी ओळ बहुतेक वेळा असते. माझ्यात होती. सही करताना मी ती वाचलीही नव्हती.

परदेशातल्यांचं वेगळं

लंडनमधल्या भावाने माझी गोष्ट ऐकून विचारलं, “तुला नोटीस किती दिवसांची दिली?” ब्रिटनमध्ये १९९८ च्या कामाच्या वेळेच्या नियमांनुसार मालक रजा रद्द करू शकतो, पण रजा जितक्या दिवसांची, निदान तितके दिवस आधी कळवून. दहा दिवसांची रजा असेल तर दहा दिवस आधी. करारात वेगळं ठरलेलं असू शकतं, तरी वर्षाची ५.६ आठवड्यांची कायदेशीर रजा घेताच येऊ नये अशा तऱ्हेने रद्द करणं बसत नाही. जर्मनी आणखी पुढे आहे. तिथे दिलेली रजा मालकाला एकतर्फी काढून घेता येत नाही. ‘बोलावलं तर रजेवरून परत येईन’ असं कर्मचाऱ्याने आधीच लिहून दिलं असलं, तरी तो करार चालत नाही, असं तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने २००० साली म्हटलंय.

मात्र क्लायंट लंडनचा आहे म्हणून हिंजवडीत बसलेल्याला लंडनचा नियम लागत नाही. जिथे बसून काम करता आणि जिथला करार आहे, तिथलाच कायदा.

आता तीन वाटा

पहिली वाट म्हणजे थांबायचं. नोकरी नवी असेल, प्रोबेशन चालू असेल किंवा सरकारी खातं असेल तर बहुधा हीच. पण थांबणं आणि गप्प बसणं यात फरक आहे. गप्प बसलेल्याची रजा ३१ डिसेंबरला कंपनीच्या धोरणानुसार ‘लॅप्स’ होते आणि जानेवारीत एचआर म्हणतं, तुम्ही घेतलीच नाही. थांबा, पण थांबायला सांगितलं होतं हे नोंदवून.

दुसरी वाट म्हणजे निघून जायचं. रागाच्या भरात सगळ्यांना हीच सुचते. पंधरा मिनिटं मलाही सुचली होती. इथे लोकांची एक समजूत असते की दहा दिवसांच्या आतली गैरहजेरी चालते. जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या सरकारी नमुना-नियमांत, दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन म्हणून दिलं होतं, त्यावरून ती आली असावी. पण त्याच यादीत, त्याच्याही आधी, वरिष्ठाचा ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश जाणूनबुजून न पाळणं हेही होतं. रद्द झाल्याचा मेल वाचून गाडीत बसलात, तर तीन दिवसांची गैरहजेरीही या कलमात बसवता येते. बिनपगारी तर होतेच.

‘वाजवी’ या शब्दात मात्र थोडी जागा आहे. रजेचं कारण वडिलांचं ऑपरेशन असेल, स्वतःचं लग्न असेल, आणि आदेश आदल्या संध्याकाळी आला असेल, तर तो वाजवी होता का, हे कंपनीलाही चौकशीत दाखवावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात म्हटलं की विनापरवाना गैरहजेरी ही प्रत्येक वेळी जाणूनबुजून केलेली धरता येत नाही. परिस्थितीने भाग पाडलं होतं का, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे इस्पितळाचे कागद हाताशी असतील तर जा, आणि जाण्याआधी ते मेलला जोडा. गणपतीला, गोव्याला, मित्राच्या हळदीला याच वाटेने जाऊ नका. हरलात तर ‘कारणे दाखवा’ नोटीस वैयक्तिक फाइलमध्ये कायमची बसते.

याच वाटेची एक चोरवाट आहे, डॉक्टरांचं खोटं सर्टिफिकेट. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की रजा रद्द झाल्यावर साधा मतभेद असतो, सर्टिफिकेट दिल्यावर फसवणूक होते. आणि आरतीचा फोटो कुणीतरी स्टेटसला टाकतंच.

तिसरी वाट मधली, आणि मला ती सर्वांत फळली. पूर्ण रजा वाचवण्याऐवजी तिचे तुकडे करायचे. मॅनेजरशी बोलताना मी ‘का’ विचारलं नाही. ‘नेमकं कोणत्या दिवशी मी लागतो?’ असं विचारलं. पाच मिनिटांत कळलं की सोमवार-मंगळवारचं एक काम माझ्याशिवाय अडतंय, बाकी दिवस उगाच सरसकट खोडले होते. ऐनवेळच्या रद्द रजांत हे फार दिसतं: दोन दिवसांची गरज असते, पण पोर्टलवर अर्ज एकच असतो, म्हणून अख्खाच उडतो.

त्यानंतर मी मेल केला. तो जवळजवळ जसाच्या तसा देतो, कारण लोकांना तोच हवा असतो:

“जूनमध्ये मंजूर झालेली माझी २५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर ही रजा आज रद्द झाल्याचं पोर्टलवर कळलं. अर्ज मी दोन महिने आधी केला होता. आपल्या बोलण्यानुसार २५ आणि २६ ला मी कामावर येईन. २८ पासूनची रजा कायम ठेवावी. रद्द झालेले दोन दिवस या वर्षात घेता आले नाहीत, तर ते पुढच्या वर्षात धरावेत. रेल्वे तिकीट रद्द केल्याचा खर्च सोबत जोडला आहे. कृपया लेखी कळवावं.”

(२७ ला गणपतीची सुट्टी होती. ती आणि शनिवार-रविवार वगळले की रजेचे सहाच दिवस उरतात.) या मेलमध्ये आवाज चढवलेला नाही, कायद्याची कलमं फेकलेली नाहीत, पण तारीख, आधी दिलेली सूचना, नुकसान आणि मागणी सगळं आहे. पुढे कधी कामगार कार्यालयात किंवा मुंबईत महापालिकेच्या सुविधाकाराकडे (दुकाने कायद्याखालच्या निरीक्षकाकडे) जायची वेळ आली, तर तिथे पहिल्यांदा असलाच कागद मागतील. पोर्टलवरच्या ‘मंजूर’ आणि ‘मागे घेतली’ या दोन्ही स्थितींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ‘मंजूर’चा आजच काढा, कारण रद्द झाल्यावर जुनी स्थिती बऱ्याच पोर्टलवर दिसतच नाही. स्वानुभव.

राजीनाम्याची वाट मी मुद्दाम मोजली नाही. दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड आणि त्या काळात रजा बंद, असा बहुतेक ठिकाणचा प्रकार असतो. रजेसाठी राजीनामा दिला तर तीच रजा आधी जाते. वर्षातून तिसऱ्यांदा हेच घडत असेल, तर नोकरी शोधा, पण ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या डोक्याने.

पैसे किती मिळाले, असं विचारणाऱ्यांसाठी: तिकिटाचा कापलेला आकार महिन्याच्या पगारात आला, तोही दोनदा आठवण केल्यावर. मंगळवारी रात्री ऑफिसातून थेट एसटी स्टँड गाठला. सकाळी घरी पोचलो तेव्हा माटवी बांधून झाली होती, शेजारच्या पोरांनी. कवंडळाची फळं तेवढी माझ्यासाठी लटकवायची ठेवली होती.