युवा कार्यक्रमाचं त्रयस्थ मूल्यमापन: पाचपैकी चार तारे, आणि पाचवा का कापला

आधी कामाची माहिती. बीड जिल्ह्यात केज-धारूरच्या बाजूला, डोंगरपट्ट्यातल्या गावांत आमची छोटी संस्था १४ ते १९ वयाच्या पोरापोरींसाठी कार्यक्रम चालवते. मुलींचे गट, वाचनाचे वर्ग, मुलांना मोबाइल दुरुस्ती, शिवाय कॉलेजचे फॉर्म, बँकेची खाती, दाखले असली किरकोळ दिसणारी आणि सगळा दिवस खाणारी कामं. त्याचं बाहेरच्या माणसांकडून मूल्यमापन करून घेतलं, आणि वरचे तारे त्यांच्या त्या कामाला आहेत. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पाहणी, २०२२ च्या उन्हाळ्यात; एंडलाइन, म्हणजे शेवटची, २०२४ च्या. करणाऱ्या पुण्याच्या दोघी, एक पन्नाशीच्या मॅडम आणि एक तिशीतली ताई. त्यांची नावं देत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि आपल्या क्षेत्रात तक्रार दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सगळ्या ऑफिसांत पोचते.

मूल्यमापन म्हटलं की संस्थांच्या पोटात गोळा येतो. आमच्याही आला. देणगीदार कंपनीनं सांगितलं, इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे कामाचा परिणाम मोजणं, लागेल. मॅडमनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं की कायद्यानं तुम्हाला ते लागत नाही. जानेवारी २०२१ च्या नियमांप्रमाणे ज्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामावर खर्चाची, जबाबदारी आहे, तिच्या १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांनाच ते सक्तीचं, आणि तेही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. आमचं बजेट कोटीच्या आसपासही फिरकत नाही. "तरी करायचं असेल तर स्वतःला काय जाणून घ्यायचंय ते ठरवा, मग मला फोन करा," म्हणाल्या. चालून आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस मी तरी पहिल्यांदा पाहिला.

दुसरी गोष्ट त्यांनी केली ती कॅलेंडर मागितलं. शाळेचं नाही, साखर कारखान्यांचं. कंपनीला एंडलाइन फेब्रुवारीत हवी होती, मार्चअखेर फाइल बंद करायची म्हणून. मॅडम म्हणाल्या, फेब्रुवारीत ऊसतोडीच्या टोळ्या कुठं असतात? टोळ्या असतात पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी आली की आईबाप कोयत्यावर, बरोबर धाकटी भावंडं, आणि त्यांना सांभाळायला बऱ्याचदा आमच्या गटातलीच मुलगी. फेब्रुवारीत गावात सापडतात ती ज्यांच्या घरी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची वेळ आलेली नाही, किंवा ज्यांना आजी सांभाळते, अशी पोरं. त्यांनाच मोजलं असतं तर आमचा कार्यक्रम काही न करताही झकास दिसला असता. म्हणून मे महिना धरला. मेमध्ये ऊन आणि लग्नं असतात, पण माणसं घरी असतात. कंपनीशी यावरून दोन-तीनदा वाजलं. मॅडम हटल्या नाहीत.

तोच हट्ट गळालेल्यांच्या बाबतीत. दोन वर्षांनी आलो की यादीतली काही नावं गावात नसतातच. साधारण सर्व्हेवाले तिथं "स्थलांतरित" असा शिक्का मारून पुढं जातात. ताईनं त्या नावांची वेगळी वही केली. पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलांना रात्री आठनंतर फोन केले. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सासरच्या गावांना ती स्वतः गेली. कारण सोपं आहे. आपण म्हणतो आम्ही लवकरच्या लग्नांवर काम करतो, आणि ज्यांचं लवकर लग्न झालं त्याच हिशोबातून गळाल्या, तर उरलेला आकडा सुंदर येणारच.

आता प्रश्नावलीबद्दल, कारण खरी कारागिरी मला तिथं दिसली. त्यांच्या पहिल्या मसुद्यात "लग्नाच्या निर्णयात तुमचा सहभाग किती?" असा प्रश्न होता, पुढं पाच पर्याय. आम्हीही असलेच प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आलोय आणि पोरी इमानदारीनं सगळ्यांत वरचा पर्याय सांगतात. पायलटला, म्हणजे प्रश्न आधी थोड्या जणांवर करून बघताना, एका मुलीनं सरळ सांगितलं, "ते आईला विचारा." ताईनं तो प्रश्न जागेवर खोडला. दुसऱ्या दिवशी त्याजागी दोन आले. गेल्या वर्षात तुला बघायला पाहुणे आले होते का? आणि ते येणार हे तुला किती आधी कळलं? पहिल्याच घरी उत्तर मिळालं, "आईनं शेजारून कपबशा आणायला लावल्या तवा." मी तिथं दाराशी उभा होतो. इतकी वर्षं या गावात काम करतोय, पण हे असं विचारायचं मला सुचलं नव्हतं. शिवाय "किती आधी" याचं उत्तर मोजता येतं. कुणाला आठवडा आधी, कुणाला त्याच सकाळी. "आत्मविश्वास एक ते पाच" वगैरेतून असलं काही निघत नाही.

विचारण्याआधीची तयारीही सांगतो. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती वेगळी, मुलाची स्वतःची वेगळी. मुलीला आधीच सांगायचं की तू सांगशील ते कुणाला कळणार नाही, फक्त तुझ्या जिवाला धोका किंवा ठरलेलं लग्न असं काही निघालं तर मला गप्प बसता येणार नाही. तसं निघालं तर काय, तेही लिहून ठेवलेलं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर, आणि गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक. सर्वेक्षकांना हे पाठ करायला लावलं होतं, नुसतं वाचून दाखवलं नव्हतं.

घरात एकांत मिळणं ही तर वेगळीच विद्या. पोरगी बोलायला बसली की आजी उंबऱ्यात येऊन टेकणार हे ठरलेलं. ताईकडं आजीसाठी निराळी प्रश्नावली होती. पाऊसपाणी, जुने दुष्काळ, तुमच्या वेळचं लग्न, मानपान. ती आजीला घेऊन ओट्यावर बसायची आणि मन लावून लिहून घ्यायची. आत मुलीची मुलाखत निवांत व्हायची. ती आजीची पानं नंतर कुठल्या तक्त्यात गेली नाहीत, पण मला विचाराल तर सगळ्यांत वाचनीय तीच आहेत.

वाचनासाठी त्यांनी नवीन काही शोधत न बसता 'असर' या देशभरातल्या शिक्षण-सर्वेक्षणाची चाचणी घेतली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. घरोघर, शाळेत नाही, म्हणजे शाळेत न जाणारंही मोजलं जातं. याचा एक फायदा असा की तुलना करायला मोठं माप हाताशी असतं. जानेवारी २०२४ मध्ये आलेला असरचा अहवाल १४ ते १८ वयाचाच होता. २६ राज्यांतले २८ जिल्हे, आणि त्यात साधारण पाव मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. आमच्या वाचनवर्गांचं काय झालं? काही नाही झालं. आमच्या गावांत आणि तुलनेच्या गावांत, म्हणजे जिथं आमचं काम अजून सुरू नव्हतं तिथं, फरक निघाला नाही. मोबाइल दुरुस्तीचंही थोडक्यात आटोपतो. "हे काम कुणाच्या ओळखीनं मिळालं?" या एका प्रश्नानं कळलं की काम लागलेल्या बहुतेकांच्या मामा-काकाचं आधीच दुकान होतं.

तुलनेची गावं म्हणजे आमच्या पुढच्या टप्प्यातली, जिथं काम नंतर सुरू व्हायचंच होतं. त्यामुळं कुणाला मुद्दाम वंचित ठेवलं असं झालं नाही. आणि त्या गावांनीच आमची मोठी बढाई उतरवली. मुली एकट्या किंवा मैत्रिणीबरोबर तालुक्याला जातात का, हा आमचा लाडका आकडा. दोन वर्षांत तो चांगलाच वर गेला होता, आमच्या कार्यकर्त्या ताया तर आलेखातले बेसलाइन-एंडलाइनचे खांब बघून टाळ्या वाजवायला लागल्या. मॅडमनी शेजारी दुसरे दोन खांब लावले. तुलनेच्या गावांतही तो जवळपास तेवढाच वर गेलेला. का? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. शाळेच्या मुलींना पास आधीपासून होता, पण शाळा सुटलेल्या पोरीला बाजारला, बँकेत, दवाखान्यात जायला आता अर्ध्या पैशात गाडी मिळायला लागली. श्रेय एसटीचं. आम्ही ते अहवालात आमच्या नावावर छापणार होतो.

बैठकीत मग भडका उडाला. आमची सगळ्यांत जुनी कार्यकर्ती म्हणाली, "मॅडम, पोरी स्वतः सांगतात की गटामुळं फायदा झाला, त्या काय खोटं बोलतात?" मॅडमनी तिला अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण सांगितलं. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिलमध्ये १९३९ साली पाचशेहून जास्त मुलगे घेतले, जोड्या लावल्या, नाणं उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला सल्लागार, शिकवणी, शिबिरं वगैरे काही वर्षं दिलं. जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ३० वर्षांनंतर ती माणसं शोधून काढली आणि निष्कर्ष १९७८ साली छापला. मदत मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांश लोक म्हणाले, आम्हाला फायदा झाला. आणि दारू, आजारपण, दुसऱ्यांदा गुन्हा या सगळ्यांत तेच मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत निघाले. "खोटं कुणीच बोलत नव्हतं," एवढंच मॅडम म्हणाल्या. आमची कार्यकर्ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे तक्ते घेऊन बसली.

अन् एक गोष्ट टिकली. कपबशांचा प्रश्न. आमच्या गावांतल्या मुलींना पाहुणे येणार हे तुलनेच्या गावांपेक्षा बरंच आधी कळत होतं, आणि आईनं विचारलं तरी होतं असं सांगणाऱ्याही जास्त निघाल्या. तिथं एसटीचा काही संबंध नाही.

आता पाचवा तारा. अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि ठरल्यापेक्षा बराच उशिरा. मराठीत मागितला तर आधी दोन पानी सारांश आला, तोही कुणीतरी मशीनमधून काढल्यासारखा: "हस्तक्षेप गावांमध्ये लाभार्थ्यांची गतिशीलता". गावात ज्यांनी उत्तरं दिली त्यांना हे कसं वाचून दाखवायचं? भांडल्यावर ताईनं स्वतः बसून नीट लिहून दिलं आणि ते फार चांगलं लिहिलं, म्हणजे येत होतं, वेळ धरला नव्हता. बेसलाइनची मुलाखत तासाच्या वर जायची, शेवटच्या पानांवर पोरं काहीही सांगायची. एंडलाइनला कापली, पण तोवर अर्धी तुलना गेली. मूळ डेटाची फाइल नावं काढून आम्हाला मिळेल असं करारात लिहिलं नव्हतं, त्यामुळं मागण्यात महिने गेले. तुम्ही करार करताना हे पहिल्या पानावर लिहून घ्या.

पैसे: दोन्ही फेऱ्या मिळून आमच्या एका वर्षाच्या खर्चाचा साधारण दहावा हिस्सा. आमच्यासारख्यांना जड आहे, कंपनीनं वेगळे दिले म्हणून जमलं. नुसती सक्सेस स्टोरी आणि फोटो हवे असतील तर यापेक्षा स्वस्तात करून देणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडं जा. कार्यक्रम सुरू होऊन वर्ष उलटलं असेल आणि बेसलाइन झालेली नसेल तर यांना बोलावू नका, मॅडम स्वतःच नाही म्हणतील.

वाचनवर्ग आम्ही बंद केले नाहीत, पद्धत बदलतोय. पुढच्या टप्प्याला यांनाच सांगितलंय, मुलाखत पाऊण तासाच्या आत आणि अहवाल आधी मराठीत या दोन अटींवर. ताईनं लगेच हो म्हटलं. मॅडमनी विचारलं, यंदा कारखाने कधी बंद होणार.